स्पेशल टीम्सच्या कोचला कुणी मुख्य कोच का करत नाही?

जर्सीचा_नाना:
अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांसाठी धागा. संघात आक्रमणवाले वेगळे, बचाववाले वेगळे. उरलेलं सगळं लाथेचं काम, म्हणजे किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ), पंट (चेंडू लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकणं), फील्ड गोल (खांबांमधून चेंडू मारून गुण), स्पेशल टीम्सच्या कोचच्या गळ्यात. त्याच्या वाट्याला दोन्हीकडचे राखीव गडी येतात, त्यामुळे अख्ख्या ५३ जणांची कुंडली त्यालाच पाठ. तरी मुख्य कोच निवडताना मालक पळतात आक्रमणाच्या कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे आक्रमण सांभाळणाऱ्या कोचकडे. जॉन हारबॉने फिलाडेल्फियात १९९८ ते २००६ हेच काम केलं. २००८ मध्ये बाल्टिमोरने त्याला मुख्य कोच केलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तोही सख्ख्या भावाच्या संघाला हरवून. अजून काय पाहिजे?

मंदार_उवाच:
नाना, एका हारबॉवर किती दिवस काढणार? आणि गोष्ट अर्धीच सांगताय. २००७ मध्ये तो बचावाच्या मागच्या फळीचा कोच झाला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी नशीब उघडलं.
आता जो जज नावाच्या कोचचंच घ्या. पेट्रियट्स संघाच्या स्पेशल टीम्समधून उचलून २०२० मध्ये थेट जायंट्स संघाचा मुख्य कोच. दोन मोसमांत १० विजय, २३ पराभव! जानेवारी २०२२ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध थर्ड डाउनला (१० यार्ड सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) ९ यार्ड हवे होते, चेंडू स्वतःच्याच गोलरेषेपासून ४ यार्डांवर. आणि यांनी पास फेकायचं सोडून क्वार्टरबॅकला (आक्रमणाच्या सूत्रधाराला) सरळ ढिगाऱ्यात घुसवलं. का, तर पंटला जरा जागा व्हावी! डोक्यातून पंट जातच नाही हो या लोकांच्या.

जर्सीचा_नाना:
तो सामना मी मेटलाइफमध्ये कुडकुडत बघितलाय, मीठ चोळू नका. पहिले दोन क्वार्टरबॅक जायबंदी होते, तिसरा खेळत होता. जजची बाजू घेत नाहीये (घेववतही नाही), पण तेवढ्यावरून सगळी जातच बाद?

पोहे_आणि_पंट:
रिच बिसाचियाला विसरलात, तोही स्पेशल टीम्सवालाच. २०२१ मध्ये मोसम सुरू असतानाच रेडर्स संघाची हंगामी सूत्रं त्याच्यावर सोपवली. १२ पैकी ७ जिंकून संघ प्लेऑफला (बाद फेरीत) नेला. बक्षीस काय? कायमची खुर्ची जॉश मॅकडॅनियल्सला, म्हणजे पुन्हा आक्रमणवाल्यालाच.

मंदार_उवाच:
हंगामी माणसाने घडी विस्कटू दिली नाही, इतकंच. क्वार्टरबॅक घडवणं वेगळं. आज लीग त्यावरच चालते.

जर्सीचा_नाना:
हारबॉच्या त्याच सुपर बोलचा शेवट आठवा. बाल्टिमोरची ३४-२९ आघाडी, १२ सेकंद बाकी, फोर्थ डाउन, चेंडू आपल्याच गोलरेषेजवळ. कुणीही घाबरून पंट मारला असता. त्यांचा पंट मारणारा सॅम कॉक चेंडू घेऊन एंडझोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) नुसता इकडून तिकडे फिरला. पुढच्यांनी समोरच्यांना बिनधास्त कवळून धरलं, कारण तिथे अडकलो किंवा फाउल झाला तरी समोरच्यांना जाणार दोनच गुण. घड्याळात ४ सेकंद उरल्यावर कॉक रेषेबाहेर. ३४-३१. हे डोकं आक्रमणवाल्याचं नाही.

मंदार_उवाच:
ते आठ सेकंद मान्य. पण त्याच सामन्यात हारबॉने फील्ड गोलचं नुसतं नाटक करून लाथ मारणाऱ्या किकरलाच चेंडू घेऊन पळवलं होतं, आणि तो हव्या त्या अंतराला यार्डभर कमी पडला. ते सोयीस्कर विसरलात वाटतं.