‘चेन रिअ‍ॅक्शन’: इतका छान शब्दखेळ पाच महिन्यांत का गुंडाळला?

रात्रपाळी
मंडळी, रात्रपाळीत कॉल नसले की मी यूट्यूबवर काहीबाही बघत बसतो. परवा ‘चेन रिअ‍ॅक्शन’ नावाच्या जुन्या अमेरिकन गेम शोचा भाग सापडला. १९८० चा, एनबीसी या टीव्ही वाहिनीवरचा, होस्ट बिल कलन. बोर्डावर एकाखाली एक आठ शब्द. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा उघडा, मधले सहा झाकलेले. प्रत्येक शब्दाचं शेजारच्या शब्दाशी काहीतरी नातं. उघड्या शब्दाला लागून असलेल्या झाकलेल्या शब्दाचं एक अक्षर मागायचं आणि तो शब्द ओळखायचा. चुकलात की डाव समोरच्यांकडे. टीममध्ये दोन सेलिब्रिटी आणि एक आपल्यासारखा साधा माणूस.

बघता बघता सहा वाजले. मग शोधलं, तर १४ जानेवारीला सुरू आणि २० जूनला बंद! कोणी बघत नव्हतं का? आणि दुसरं म्हणजे, गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात दरवर्षी अंताक्षरी आणि संगीतखुर्ची असते. त्याऐवजी हा मराठीत खेळवता येईल का?

अक्रॉनची आजी
मी पाहिलाय हा, तेव्हाच. १९७९ च्या शेवटी लग्न होऊन माहीमहून थेट अमेरिकेत, ओहायोतल्या अक्रॉनला आले. आमचे हे टायरच्या कंपनीत. ते डबा घेऊन गेले की घरात मी आणि टीव्ही. गाडी चालवता येत नव्हती, बाहेर बर्फ. मालिकांमध्ये कोण कोणाची कितवी बायको ते कळेपर्यंत भाग संपायचा, म्हणून मी गेम शोंकडे वळले.

खेळात काही खोट नव्हती रे. एनबीसीचे तेव्हाचे सर्वेसर्वा फ्रेड सिल्व्हरमन. त्यांना डेव्हिड लेटरमन नावाच्या तरुण विनोदवीराला सकाळी ९० मिनिटांचा कार्यक्रम द्यायचा होता. ९० मिनिटं म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन खेळ. २० जूनला तिघांना एकदमच नारळ दिला: ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’, ‘हाय रोलर्स’ आणि हा. त्यातला ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’ १९६६ पासून चालू होता. म्हणजे मुरलेला गडी आणि रांगतं पोर, दोघंही एकाच दिवशी घराबाहेर. ‘हाय रोलर्स’चा होस्ट होता अ‍ॅलेक्स ट्रेबेक. चार वर्षांनी त्याला ‘जेपर्डी’ ही प्रश्नमंजुषा मिळाली आणि तिनेच त्याचं नाव झालं.

गंमत पुढेच आहे. लेटरमन २३ जूनला सुरू झाला. त्याचा तो तिरकस विनोद रात्री अकरानंतरचा. सकाळी दहाला, एका हातात पोळीचं पीठ असताना, कोण ऐकणार? मला तर राग यायचा त्याचा. आधी कार्यक्रम दीड तासाचा एक तास केला, ऑक्टोबरमध्ये गुंडाळला. (नंतर त्याच कार्यक्रमाला दोन एमी पुरस्कार मिळाले. मिळू देत.) आणि २७ ऑक्टोबरला त्या वेळेत नवीन काय आलं? ‘ब्लॉकबस्टर्स’ नावाचा गेम शो. होस्ट कोण? बिल कलन!

खेळिया
आजी, दंडवत. थोडी भर घालतो.

हा खेळ बॉब स्ट्यूअर्टचा. त्याआधी ‘द प्राइस इज राइट’, ‘पासवर्ड’ आणि ‘पिरॅमिड’ यांच्या कल्पनाही त्याच्याच. एक नाही चालला म्हणून हा माणूस काही फेकून देणारा नव्हता. ‘चेन रिअ‍ॅक्शन’च्या शेवटी बोनस फेरी असायची: दोन सेलिब्रिटींनी आळीपाळीने एकेक शब्द बोलत प्रश्न तयार करायचा आणि स्पर्धकाने उत्तर ओळखायचं. त्या फेरीचाच वेगळा खेळ करून त्याने ऑक्टोबर १९८३ मध्ये ‘गो’ आणला. तो जानेवारी १९८४ मध्ये आटोपला, म्हणजे ‘चेन रिअ‍ॅक्शन’ पाच महिने तरी टिकला म्हणायचा. पण साखळी १९८६ मध्ये यूएसए नेटवर्क या वाहिनीवर परतली आणि १९९१ पर्यंत चालली. चित्रीकरण कॅनडात, मॉन्ट्रियलला. २००६ मध्ये पुन्हा एकदा आली. तेव्हा रात्रपाळीभाऊ, ‘बंद पडला’ हे अर्धंच खरं.

मिसळीचा कट
एक बाळबोध शंका. हे आणि आपल्या भेंड्या यात फरक काय? तिथेही शब्दाला शब्दच जोडतो.

अक्रॉनची आजी
भेंड्यांत पुढची वाट मोकळी असते, काहीही आठवलं तरी चालतं. इथे वाट कोणीतरी आधीच आखून ठेवलेली आहे आणि दोन्ही टोकं तुला दिसतात. त्यामुळे तुला काय सुचतं याला किंमत नाही, मांडणाऱ्याला काय सुचलं असेल ते हुडकायचं. हुशार माणसं इथेच आपटायची. तिसऱ्याच गल्लीत जायची. साधी गृहिणी पटकन ‘ब्रेड, मग बटर’ म्हणून मोकळी.

आणि या सगळ्यात कलन. तुम्ही बघाल तेव्हा नीट बघा, तो चालताना जवळजवळ दिसत नाही. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा जागेवर असतो, संपतो तेव्हाही तिथेच. लहानपणी पोलिओ झाला होता, पाय अधू. त्याच्या शोंची मांडणीच अशी करायचे की त्याला कॅमेऱ्यासमोर फार चालावं लागू नये. मला हे पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की हा माणूस स्पर्धकाला हसत नाही, स्पर्धकाबरोबर हसतो. चुकीचं उत्तरसुद्धा असं परत करायचा की चुकणाऱ्याला पुन्हा बोलावंसं वाटे. आजकालचे होस्ट बघते, प्रत्येक उत्तरानंतर तीन जाहिरातींइतका पॉज.

रात्रपाळी
आजी, खेळिया, मनापासून आभार. आता माझा दुसरा प्रश्न. काल घरी बायको आणि मुलीबरोबर करून बघितलं. साखळी अशी: दूध, साय, लोणी, तूप, निरांजन, वात, कापूस, शेत. ‘साय’ला पहिलं अक्षर ‘सा’ दिलं आणि अर्ध्या मिनिटात खेळ खलास. इंग्रजीत एका अक्षरात एवढं कळत नाही.

खेळिया
दोन चुका. एक, तुझे शब्द एवढुसे. मूळ खेळात शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक गुण, अधिकची खूण असलेल्या शब्दाला दुप्पट, आणि आधी ५० गाठेल तो जिंकला. तुझी सगळी साखळी मिळून वीस गुण होत नाहीत. तीन-चार अक्षरी शब्द घे, नाहीतर गुणांची रीत बदल. दोन, बहुतेक शब्द एकाच घरातले. वरून दूध आणि खालून निरांजन उघडलं की मधलं कोणीही सांगेल. साखळीने मध्येच घर सोडून बाहेर पडायला हवं.

अक्षर देताना काना-मात्रा काढून नुसतं व्यंजन दे. ‘सा’ नाही, ‘स’.

मिसळीचा कट
बोनस फेरी आम्ही ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत खेळलो. धमाल! उत्तर होतं ‘रिक्षा’. मी म्हणालो ‘स्टेशनबाहेर’, जोडीदार म्हणाली ‘कोणती’, मी ‘गोष्ट’, ती ‘कधीच’, मी ‘मीटरने’... ओळखणाऱ्याने तिथेच उडी मारली. दुसऱ्या टीमचं ‘चष्मा’ होतं. एकाला प्रश्न ‘नाकावर काय असतं’कडे न्यायचा होता, दुसरा ‘नाकावर’ ऐकून ‘राग’कडे घेऊन गेला. मॅनेजर बघायला आला आणि तोच खेळायला बसला.

अक्रॉनची आजी
छान! त्या फेरीत खरी मजा हीच, आपलं वाक्य दुसऱ्याच्या हातात जातं.

खेळिया म्हणतो ते बरोबर, साखळीने घर सोडायला हवं. ही घ्या माझी. वर ‘विहीर’, खाली ‘भिंत’. मध्ये सहा. गुगल करून उपयोग नाही. अक्षर काना-मात्रेशिवाय मिळेल.

रात्रपाळी
विहिरीखाली ‘पाणी’. सरळ आहे.

अक्रॉनची आजी
बरोबर. पुढे?

मिसळीचा कट
खालून येतो. भिंतीच्या वर एक अक्षर द्या.

अक्रॉनची आजी
क.

मिसळीचा कट
कॅलेंडर! त्याच्या वर ‘तारीख’. अक्षरसुद्धा नको.

अक्रॉनची आजी
दोन्ही बरोबर. माहीमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे लटकलेलं असायचं, दुधाच्या खाडाखोडीसकट.

खेळिया
पाण्याखाली ‘नळ’ असणार. तारखेच्या वर द्या एक अक्षर.

अक्रॉनची आजी
नळ बरोबर. तारखेच्या वर: क.

खेळिया
कोर्ट. तारीख पे तारीख! म्हणजे आता नळ आणि कोर्ट यांच्यामधलं एकच राहिलं. अक्षर?

अक्रॉनची आजी
भ.

रात्रपाळी
भाडेकरू! नळावरून घरमालकाशी वाद, मग कोर्ट.

अक्रॉनची आजी
नाही. पण वाईट नाही.

मिसळीचा कट
भांडण. चाळीत राहिलेल्या माणसाला विचारा.

अक्रॉनची आजी
भांडण. शाब्बास.

रात्रपाळी
हरकत! ‘भाडेकरू’ दोन्ही बाजूंना बसतो. शिवाय आजी, अनुस्वार आहे हे तरी सांगायचं होतंत. सोसायटीत हे झालं तर सेक्रेटरी आणि खजिनदार तिथेच भांडतील. अशा वेळी दोन्ही उत्तरं धरायची का?

अक्रॉनची आजी
मुळीच नाही. मांडणाऱ्याचा शब्द तोच शब्द, नाहीतर खेळ राहत नाही, चर्चा होते. अनुस्वार मात्र सांगायचा, ते तुझं मान्य. आणि सेक्रेटरी, खजिनदार एकाच टीममध्ये घाल.