साइतो खरोखरच पोलिसात होता
शिन्सेनगुमीचा, म्हणजे शोगुनच्या (जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या) बाजूने लढणाऱ्या दलाचा, कडवा तलवारबहाद्दर साइतो शोगुनशाही उलथवून आलेल्या मेइजी सरकारच्या पोलिसात नोकरी करतो, हे ‘रुरोनी केनशिन’ या जपानी मालिकेतील कथानक ओढूनताणून जुळवलेले आहे, हा आक्षेप मला मान्य नाही. साइतो हाजिमे ही ऐतिहासिक व्यक्ती असून, शोगुनशाही कोसळल्यावर त्याने फुजिता गोरो हे नाव घेतले, तो तोक्योच्या पोलीस दलात दाखल झाला आणि ज्या सात्सुमा प्रांताच्या सामुराईंशी तो पूर्वी लढला होता त्यांच्याशीच १८७७ च्या बंडात पुन्हा, पण या वेळी सरकारच्या बाजूने, लढला.

मालिकेतील काळ १८७८ चा, म्हणजे सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी करणाऱ्या १८७६ च्या फर्मानानंतरचा. त्या बंदीतून पोलीस वगळलेले होते. म्हणजे साइतोच्या हाती तलवार आहे ती पूर्वीच्या शत्रूंच्या सरकारच्या गणवेशामुळे. त्यामुळेच डाव्या हातात तलवार आडवी रोखून, उजव्या हाताची बोटे पात्याच्या टोकाशी टेकवून तो मालिकेचा नायक केनशिन याच्यासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या अंगावरचा गणवेश मला फार अस्वस्थ करतो.