फाउंटन ग्रासचा ठोंब मधोमध वाळलाय, मदत हवी आहे (सांगली)

नमस्कार मंडळी,

आमचं घर सांगलीत विश्रामबागला. तीन वर्षांपूर्वी बाबांनी जांभळ्या फाउंटन ग्रासची चार रोपं आणून फाटकाजवळच्या वाफ्यात लावली. पहिली दोन वर्षं दृष्ट लागावी असे तुरे आले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा फारसे बाहेर पडत नाहीत. संध्याकाळचं ऊन तुऱ्यांतून यायला लागलं की खुर्ची तिकडे वळवून बसतात. म्हणून हे गवत मला काहीही करून वाचवायचंय.

यंदा दिवाळीनंतर ठोंब मधूनच वाळायला लागले. काल पाती बाजूला सारून बघितलं तर आत ताटलीएवढी जागा नुसत्या भुरकट काडाची, ओढलं की मुळासकट हातात येतं. कडेने मात्र फुटवे जिवंत आहेत, बुंध्याशी लालसर. पाती उभी राहत नाहीत, चारी बाजूंना लोळतात. मोठ्या ठोंबाला तुरे मोजून सात.

माती काळी, भारी. पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी साचतं, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दर दोन महिन्यांनी शेणखत घालते. गणपतीच्या आधी मूठ-मूठ युरियाही टाकला होता. बुंध्याशी उसाच्या पाचटाचा जाड थर आहे. त्याच वाफ्यातल्या वाळ्याला मात्र काही झालेलं नाही!

मामा म्हणतात, उसाच्या खोडव्यासारखं (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तसं) जमिनीलगत छाट, आपोआप फुटेल. छाटू का? कधी? की ठोंब काढून वेगळे करू? नवं रोप आणता येईल हो, पण ते बाबांनी लावलेलं नसेल.

प्रतिसाद (सातारा)

ताई, कडेला फुटवे आहेत म्हणजे ठोंब जिवंत आहे. जुना झाला की फुटवे बाहेर सरकतात आणि मधला भाग मरतो. लोळतंय ते युरियामुळे. त्यातलं नत्र जास्त झालं की पाती लुसलुशीत होतात आणि तुरे कमी येतात. आता खत पूर्ण बंद. पाचट बुंध्यापासून वीतभर लांब सारा, ओलीने बुडखा कुजतो. वाळ्याशी तुलना नको, तो साचलेलं पाणीही सोसतो.

जमिनीलगत अजिबात छाटू नका. ऊस जमिनीखालच्या डोळ्यांतून फुटतो, हे तेवढं खाली कापलं तर दगावू शकतं. थंडी सरली की फेब्रुवारीच्या मध्याला सुतळीने पेंढीसारखं आवळून बांधा आणि चार-सहा इंच ठेवून धारदार विळ्याने कापा.

वेगळं करायला जूनच्या पहिल्या पावसापर्यंत थांबा, आणि आधी एकच ठोंब काढा. पाच-सहा फुटव्यांचा एकेक तुकडा मुळांसकट घ्या, वाळका गाभा टाकून द्या. मातीत मुरूम मिसळून वीतभर उंच गादीवाफा करा. तुकडा आधी होता तेवढ्याच खोलीवर बसवा.

जांभळ्याला सहसा बी धरत नाही, ते फुटव्यांवरूनच वाढवतात. म्हणजे हा प्रत्येक तुकडा बाबांनी लावलेलंच गवत. कुणी हिरवं फाउंटन ग्रास देऊ केलं तर मात्र घेऊ नका. त्याचं बी वाऱ्याने पसरतं, हवाई बेटांवर ते उपद्रवी तण ठरलंय. आमच्याकडे कास पठार जवळ, म्हणून मी ते दारातही येऊ देत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच सुतळीचा गुंडा काढून ठेवला. जूनमध्ये एक तुकडा त्यांच्या खुर्चीजवळ कुंडीत लावला तर चालेल का?

प्रतिसाद (सातारा)

चालेल. चौदा इंची कुंडी घ्या, तळाला भोकं मोठी हवीत. आणि कुंडी अशा जागी ठेवा जिथे दिवसाचं सहा तास ऊन येतं, खुर्ची तिच्याजवळ हलवा.