हुशार मुलांची वेगळी तुकडी: हवी की नको?

सिंहगडरोडवाली
मुलगा सातवीत आहे, सेमी. परवा पालकसभेत सांगितलं की पुढच्या वर्षी आठवीला 'विशेष तुकडी' करणार, जूनमध्ये चाचणी घेऊन वरची ४० मुलं त्यात आणि शनिवारी जादा तास. मला तर हायसं वाटलं. सहावीत ह्याने ४७ गुणिले ५३ चं उत्तर सरळ २४९१ लिहिलं, कसं आणलंस विचारलं तर म्हणे अगं ५० चा वर्ग २५००, त्यातून ३ चा वर्ग वजा केला. कुणी शिकवलं नव्हतं. तरी मार्क कापले, 'मांडणी नाही'. आता वहीत मागच्या पानावर चित्रं काढत बसतो आणि डायरीत शेरा येतो की लक्ष नसतं. नवरा म्हणतो वेगळी तुकडी म्हणजे पोराच्या डोक्यात हवा जाणार. तुम्हाला काय वाटतं?

क तुकडीतली
नको. स्पष्ट सांगते. आमच्या शाळेत अ ते ड मार्कांवरच होत्या, अ ला शाळेतले सगळ्यात चांगले सर आणि आम्हाला जो मोकळा असेल तो. प्रयोगशाळेत अ वाले प्रयोग करायचे, आम्ही आकृत्या काढायचो. तुमचा मुलगा हुशार आहे मान्य, पण ४१ व्या मुलाच्या आईने काय करायचं?

पेठी
असहमत. ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून हेच करतेय ना, १९६९ ला वेगळी प्रशाला काढली, त्याने पुण्याचं काय वाईट झालं? क्रिकेटमध्ये चांगल्या पोराला वेगळं नेटमध्ये घेतलं की कुणी रडत नाही, गणितात घेतलं की लगेच समता आठवते!!

क तुकडीतली
पेठी, तिथे नुसती मार्कांची चाळणी नाही, बुद्धिमत्ता चाचणी घेतात, आणि प्रकल्प बिकल्प करायला लावतात. ह्यांच्या शाळेत काय होणार? त्याच धड्यावर दुप्पट वर्कशीट. आणि क्रिकेटचं म्हणाल तर नेटमध्ये न घेतलेल्या पोराला बॅट तरी मिळते हो.

निवृत्त मास्तर
३१ वर्षं गणित शिकवलं म्हणून लिहितो. पहिल्या नंबरचं मूल आणि खरोखर वेगळं डोकं असलेलं मूल ही पुष्कळदा दोन वेगळी मुलं असतात. पहिलं क्लासला जाऊन तयार झालेलं असतं, दुसरं खिडकीबाहेर बघत असतं. ४० ची चाचणी पहिल्याला पकडते, आणि ताई, राग मानू नका, तुमचा मुलगा मांडणीत मार्क घालवून त्यात बसणारच नाही अशी शक्यता मला जास्त दिसते. दुसरं म्हणजे अशा मुलाचं शाळा करते काय? मॉनिटर करते. नाहीतर शेजारच्याला शिकव म्हणते. मीही केलंय हे, ६५ पोरांच्या वर्गात दुसरं सुचत नाही.
एकदाच एक गोष्ट जमली होती. आठवी आणि नववीचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवला आणि दोन पोरांना तेवढ्या तासापुरतं नववीत बसवलं. मराठीला, पीटीला परत आपल्या वर्गात. खर्च शून्य. पुढच्या वर्षी वेळापत्रक करणारे सर बदलले, संपलं.

हडपसरचा
मास्तरांना +१. सगळा धागा सेमीवाल्यांचाच चाललाय म्हणून बोलतो, मनपाच्या शाळेतल्या पोरांचं काय? एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीला असते, पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, कित्येक आईबापांना माहीतच नसतं. आमच्या इथले एक सर सकाळी साडेसातला शाळा उघडून फुकट तयारी करून घेतात. घरी लमाणी बोलणारी पोरगी, आकृत्यांचे प्रश्न धडाधड सोडवते, भाषेच्या प्रश्नात अडकते. तुमच्या ४० च्या यादीत ती कुठे बसणार?

पेठी
म्हणजे तिला पण वेगळं शिकवावं लागतंयच की! साडेसातची बॅच ही वेगळी तुकडी नाही तर काय?

हडपसरचा
तिथे दार उघडं असतं राव. कुणीही येऊन बसतं. १२ वरून आता १९ पोरं झालीत.

क तुकडीतली
हा मुद्दा मान्य. चाचणी नको, ज्याला यायचं त्याने यावं, झेपलं नाही तर आपोआप गळेल. शनिवारच्या तासाला माझा विरोध नाही, वर्षभराच्या पाटीला आहे.

लॉ कॉलेज रोड
शाळेवर सगळं टाकू नका. भास्कराचार्य प्रतिष्ठान इथेच आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ ला सुरू केलेलं, ऑलिंपियाड स्पर्धांचं गणित तिथे शिकवतात. आयुकात, म्हणजे विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे पोराला मांडणी विचारत नाहीत, 'अजून कुठे चालेल हे?' विचारतात.

सिंहगडरोडवाली
सगळ्यांना थँक्यू. मास्तर, तुमचं वाचून जरा लागलं पण पटलं. शनिवारी मुख्याध्यापिकाबाईंना भेटून गणिताच्या तासाचं विचारते. नवरा म्हणतोय वेळापत्रकाला हात लावायचं नाव काढलंस तर त्या तुलाच नववीत बसवतील.

निवृत्त मास्तर
बाईंकडे नको, आधी वेळापत्रक करणाऱ्या सरांकडे जा. आणि एप्रिलमध्येच, जूनमध्ये गेलात तर ते छापून झालेलं असतं.