साखळीत ६५ गुण, तरी आठव्या क्रमांकाकडून हार: कॅन्सस सिटीचा हंगाम वाया गेला का?

कर्वेनगर_कोच

आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरतंय: "एवढं करून शेवटी काय, हंगाम वाया गेला." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी सामने पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एनडब्ल्यूएसएल या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये २०२५ साली १४ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २६ साखळी सामने. कॅन्सस सिटी करंटने २१ जिंकले, २ बरोबरीत सोडवले, ३ हरले. गुण ६५. दुसऱ्या आलेल्या वॉशिंग्टन स्पिरिटचे ४४. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला जी शिल्ड मिळते, ती पाच सामने हातात असतानाच यांची झाली होती. मग पहिले आठ संघ बाद फेरीत आणि पहिल्याची गाठ आठव्याशी. आठवा संघ होता गॉथम एफसी, गुण ३६. ९ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीच्याच मैदानावर गॉथमने जादा वेळेत २-१ असा विजय मिळवला, पुढे ऑरलँडो प्राइडला आणि अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला १-० ने हरवलं आणि करंडक नेला.

माझं म्हणणं सरळ आहे. मार्च ते नोव्हेंबर, गरमीत, पावसात, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करून, प्रत्येक संघाशी घरी आणि बाहेर खेळून जे ठरतं, ते एका दुपारी पुसलं जाऊ नये. २९ गुणांनी मागे असलेला संघ 'विजेता' आणि पुढे असलेला 'अपयशी', हा हिशोब मी ज्या मुलींना शिकवते त्यांना कसा समजावू? मी त्यांना रोज सांगते की एका सामन्याने खचू नका, वर्षभराचा खेळ बघा. इथे लीगच उलटं सांगते.

बाद फेरी नकोच असं मी म्हणत नाही. पण पहिल्या आलेल्या संघाला घरचं मैदान सोडून काहीही जास्तीचं मिळत नाही, हे चूक आहे.

रास्तापेठ_स्टॉपर

ताई, पूर्ण असहमत. नियम हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना माहीत होते. साखळी संपल्यावर शिल्ड मिळते आणि बाद फेरी जिंकल्यावर करंडक. दोन वेगळ्या परीक्षा आहेत. कॅन्ससने एक दिली, उत्तम दिली, दुसरीत पडल्या. दुसरीत पडल्या म्हणून दुसरी परीक्षाच अन्यायाची, हे बरोबर नाही.

आणि इतिहास बघा. कॅन्सस सिटीत आधी एफसी कॅन्सस सिटी नावाचा क्लब होता. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं सिएटल रेन साखळीत पहिली आली, शिल्ड घेतली, आणि दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात तिला हरवून करंडक कोणी नेला? याच शहराच्या क्लबने. तेव्हा त्या शहरातल्या कोणीही करंडक परत केला नाही. बाद फेरीचं माप दोन्हीकडे सारखंच पडतं.

सामना तरी बघितलात ना पूर्ण? जेडिन शॉच्या गोलने गॉथम पुढे गेली. कॅन्ससने भरपाईच्या वेळेत बरोबरी साधली, ते सुद्धा किती उशिरा! तिथे बहुतेक संघ कोसळले असते. स्टेडियम डोक्यावर घेतलेलं, समोर लीगमधला सर्वांत ताकदवान संघ, पाय जड झालेले. त्या अर्ध्या तासात गॉथमने पाठ टेकली नाही आणि १२१ व्या मिनिटाला बदली आलेल्या केटी स्टेंगलने गोल केला. पेनल्टी शूटआउट समोर दिसत असताना केलेला गोल आहे तो. मी स्वतः स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू खेळतो. १२० मिनिटांनंतर मार्किंग धरून ठेवणं काय असतं ते मला विचारा. तो सामना गॉथमने कमावलाय.

औंधची_आकडेवाली

दोघांचंही वाचलं. मी कोच ताईंच्या बाजूने, पण कारण वेगळं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. विमेन्स प्रीमिअर लीग क्रिकेटमध्ये दिल्ली कॅपिटल्स २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं गुणतक्त्यात पहिली आली आणि तिन्ही अंतिम सामने हरली. तरी तिथे पहिल्या आलेल्या संघाला थेट अंतिम फेरी मिळते. म्हणजे कमावलेल्या जागेची काहीतरी किंमत आहे. हरलात तर निदान करंडकापासून एक सामना दूर असताना हरता. एनडब्ल्यूएसएलमध्ये २१ गुणांची आघाडी घेतलेला संघ आणि चौथा संघ, दोघांनाही करंडकासाठी तेच तीन सामने जिंकायचे असतात. फरक एवढाच की समोर कोण येणार आणि घरी खेळणार की नाही.

फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ आहे. एका सामन्यात दुबळा संघ जिंकायची शक्यता क्रिकेट किंवा बास्केटबॉलपेक्षा खूप जास्त असते. म्हणून तर जगभरात बहुतेक फुटबॉल लीगचा विजेता साखळीवर ठरतो. ज्या खेळात नशिबाचा वाटा मोठा, त्याच खेळात एका सामन्यावर सगळं टाकायचं, हे मला उलटं वाटतं.

आणि टेम्वा चाविंगाचा मुद्दा कोणीच काढला नाही. मलावीची ही खेळाडू २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली, दोन्ही वर्षं सर्वाधिक गोल तिचेच. ती दुखापतीमुळे बाद फेरीत खेळलीच नाही. २६ सामन्यांत अशी एक दुखापत पचते, एका सामन्यात पचत नाही.

रास्तापेठ_स्टॉपर

चाविंगा नव्हती, मान्य. पण दुखापती सगळ्यांना होतात. आणि गॉथमने त्याच वर्षी मे महिन्यात मेक्सिकोत जाऊन तिथल्या टिग्रेस क्लबला हरवून कॉनकाकॅफचा (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल संघटनेचा) पहिला महिला चॅम्पियन्स कप जिंकला होता, ते वेगळे सामने, वेगळा प्रवास. त्यांचे ३६ गुण नुसते बघू नका.

आणि 'दुबळा संघ'? जर्मनीची अ‍ॅन-कॅट्रिन बर्गर गोलमध्ये, पुढे एस्थर गोन्सालेस आणि रोझ लव्हेल. हा आठव्या क्रमांकाचा संघ कागदावर होता.

पाषाण_रोड

गॉथमबद्दल अजून एक, कारण मी त्यांचा चाहता आहे. २०२२ साली हा क्लब लीगमध्ये शेवटचा होता. २०२३ साली कसाबसा सहावा येऊन बाद फेरीत गेला आणि विजेता झाला. फक्त साखळीवर विजेता ठरत असता तर त्या वर्षी सप्टेंबरनंतर त्यांचे सामने कोणी पाहिलेच नसते. महिला फुटबॉलला प्रेक्षक टिकवणं ही जगण्या-मरण्याची गोष्ट आहे. त्याच अमेरिकेत महिलांच्या दोन व्यावसायिक लीग याआधी बंद पडल्या, एक २००३ साली आणि दुसरी २०१२ साली. आता आठ संघांना शेवटपर्यंत आशा राहते, त्यामुळे तिकिटं विकली जातात आणि टीव्हीवाले पैसे देतात. कोच ताईंना जो 'न्याय' हवा आहे, त्याचा खर्च कोण भरणार?

आणि २०२४ साली ऑरलँडो प्राइड ६० गुणांनी पहिली आली आणि करंडकही तिनेच घेतला. म्हणजे रचना अव्वल संघाच्या विरोधात नाहीये.

कर्वेनगर_कोच

पाषाण_रोड, खर्चाचा मुद्दा काढलात ते बरं झालं, कारण मला तिथेच यायचं होतं.

स्टॉपर दादांनी एफसी कॅन्सस सिटीचे दोन करंडक सांगितले. त्या क्लबचं पुढे काय झालं ते राहिलं. २०१७ साली तो बंद झाला. लागोपाठ दोन वेळा विजेता झालेला क्लब, शेवटच्या करंडकानंतर दोन वर्षांत संपला! खेळाडू यूटा राज्यातल्या नव्या क्लबकडे गेल्या. मग तीन वर्षं शहरात संघच नाही. आताचा क्लब २०२१ पासून खेळतोय आणि पहिल्या वर्षी तर बेसबॉलच्या मैदानावर खेळला. नंतर पुरुषांच्या क्लबच्या स्टेडियममध्ये भाड्याने. मग त्यांनी सरावाचं स्वतःचं केंद्र बांधलं आणि मार्च २०२४ मध्ये मिझूरी नदीच्या काठी ११,५०० आसनांचं स्वतःचं स्टेडियम उघडलं. महिलांच्या व्यावसायिक संघासाठीच म्हणून बांधलेलं ते पहिलं स्टेडियम.

आता सांगा, करंडकाने कोणता क्लब वाचला? दोन करंडकवाला गेला. मैदानवाला उभा आहे. म्हणून 'हंगाम वाया गेला' म्हणणाऱ्यांशी मी भांडते. ज्या शहराचा विजेता क्लब एकदा बुडालाय, त्या शहरात घरचं स्टेडियम भरवत ६५ गुण घेणं हे यश नाही तर काय?

बालेवाडी_ब्लॉक

इतका वेळ वाचतोय, आता राहवत नाही. कॅन्सस सिटीच्या न्यायावर एवढं लिहिताय, पुण्याचं काय? आपल्याकडे गुणतक्ता काढायला संघ तरी आहे का?

नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात. त्या पहिल्याच वर्षी एफसी पुणे सिटीचा महिला संघ त्यात होता. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, पुरुषांची लीग) क्लबांपैकी महिला संघ उतरवणारा तो एकटाच. अंतिम टप्प्यात सहा संघ, सगळे सामने दिल्लीला, जेमतेम तीन आठवड्यांत लीग खलास. पुण्याच्या संघाने पुण्यात एक सामना खेळला नाही. कोण बघणार, कोण ओळखणार त्या मुलींना? पुढे २०१९ साली क्लबच गुंडाळला. त्याआधी पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला. या शहराने पाच वर्षांत तीन क्लब गमावले. २०२३-२४ पासून इंडियन विमेन्स लीग घरच्या-बाहेरच्या सामन्यांची झाली तेव्हा त्यात महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता.

त्यामुळे मला विचाराल तर बाद फेरी हवी की नको हा श्रीमंतांचा प्रश्न आहे.

औंधची_आकडेवाली

बालेवाडी, तुमचा राग समजतो, पण प्रश्न श्रीमंतांचा नाही. लीगची रचना आणि क्लब टिकणं या एकाच धाग्यातल्या गोष्टी आहेत. तीन आठवड्यांची लीग असेल तर कुठलाही मालक वर्षभराचा करार करणार नाही. मुलीला वर्षात तीन आठवडे पगार मिळून भागत नाही, ती नोकरी बघणार किंवा खेळ सोडणार. २६ सामन्यांची साखळी म्हणजे मुलींना आठ-नऊ महिन्यांचं काम आणि १३ वेळा घरच्या प्रेक्षकांसमोर उतरायची संधी. म्हणून साखळीला वजन द्या म्हणतेय मी.

बालेवाडी_ब्लॉक

हे मान्य. पण मग मैदान कुठे? बालेवाडीचं स्टेडियम भव्य आहे, २०२२ च्या महिला आशिया चषकाचे सामने तिथे झाले, ऑस्ट्रेलियाला दक्षिण कोरियाने तिथेच बाहेर काढलं. पण ते अ‍ॅथलेटिक्सचं स्टेडियम. गॅलरी आणि टचलाइनच्या मध्ये आख्खा धावण्याचा ट्रॅक. मी एफसी पुणे सिटीचे पुरुषांचे सामने तिथे पाहिलेत. कॉर्नर घेणाऱ्याचा जर्सी नंबर वाचायला डोळे बारीक करावे लागायचे. दोन हजार माणसं आली तरी रिकामं वाटतं, आणि रिकाम्या वाटणाऱ्या जागी माणूस दुसऱ्यांदा येत नाही. पुण्यात महिला क्लब काढायचा तर पाच हजारांचं, ट्रॅक नसलेलं, मेट्रोपासून चालत जाता येईल असं मैदान आधी पाहिजे.

कर्वेनगर_कोच

शंभर टक्के. माझ्या मुलींना सकाळी सहा ते साडेसात मैदान मिळतं, आणि सातला क्रिकेटवाले रोलर घेऊन हजर. पेनल्टी एरियाची रेघ दर सोमवारी आम्ही फक्कीने स्वतः मारतो, बुधवारपर्यंत ती पुसलेली असते. सतरा वर्षांखालच्या मुली अर्ध्या मैदानाचा फुटबॉल शिकून मोठ्या होतात. पूर्ण मैदानावर उतरल्या की त्यांना लांब पास द्यायची सवयच नसते.

रास्तापेठ_स्टॉपर

मैदानाच्या बाबतीत तुमच्या दोघांच्या मागे उभा आहे, कधीही हाक मारा. पण मूळ मुद्दा सोडत नाही. आपल्याच आयएसएलमध्ये २०२३-२४ ला मोहन बागानने शिल्ड घेतली आणि कोलकात्यात जाऊन मुंबई सिटीने कप नेला. दोन्ही क्लब आपापल्या जागी मानाने उभे राहिले. शिल्डला मान द्या ना! कॅन्ससची शिल्ड मोठी करा, त्यासाठी गॉथमचा करंडक छोटा करायची गरज नाही.

कर्वेनगर_कोच

गॉथमचा करंडक छोटा करत नाहीये, दादा. त्यांनी तो लढून घेतला, स्टेंगलचा गोल मी मुलींना मुद्दाम दाखवला. माझी मागणी एवढीच: पहिल्या आलेल्या संघाला थेट उपांत्य फेरी द्या, बाद फेरीत आठऐवजी सहा संघ ठेवा. तळाच्या संघांना सहाव्या जागेसाठी झगडू दे, पाषाण_रोडना हवी ती चुरस राहील, आणि त्यांचा २०२३ चा गॉथम सहावाच होता, तोही आत आला असता.

पाषाण_रोड

तो आला असता, पण २०२५ चा गॉथम बाहेर राहिला असता. मला ते मान्य नाही. पहिल्याला थेट उपांत्य फेरी द्या, दुसऱ्यालाही द्या हवं तर, पण आठाचे सहा करू नका.

औंधची_आकडेवाली

दोघांना थेट उपांत्य फेरी दिली तर उरलेल्या सहांमधून दोनच जागा भरायच्या, म्हणजे आणखी एक फेरी वाढते. नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय सामन्यांची खिडकी (त्यासाठी राखून ठेवलेले दिवस) असते, खेळाडू देशाकडून खेळायला जातात. ती फेरी कुठे बसवणार ते सांगा, मग मी तुमच्या बाजूने मत देते.