'उगी उगी' आणि गप्प करणारे इतर शब्द: तुमचे अनुभव सांगा

परवा तान्ह्या नातीला थोपटताना तोंडातून आपसूक "उगी उगी, उगी हां" निघालं. मोठ्या नातवाने विचारलं, "आजी, उगी म्हणजे काय गं?" उगा म्हणजे शांत, निवांत. जुन्या ओव्यांत 'उगा राहे' येतं ते हेच. 'उगाच', 'उगीच' त्याच घरातले. 'गप्प बस' दटावतं, 'उगी' जवळ घेतं. हा शब्द मुलांच्या कानावर राहायला हवा, असं मला फार वाटतं. तुमच्याकडे काय म्हणतात? सविस्तर लिहा.

*

30 वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. 'हाताची घडी, तोंडावर बोट' दिवसातून दहादा. एका जूनमध्ये नवा मुलगा आईसाठी रडत होता. मी सगळ्या वर्गाला म्हटलं, तर त्यानेही घडी घालून बोट ओठांवर ठेवलं. आवाज थांबला, पण प्रत्येक हुंदक्याला ते बोट हलत होतं आणि डोळ्यांतलं पाणी मनगटावर ओघळत होतं. त्याला उचलून घेतलं. पुढे पहिलीच्या नव्या मुलांना जूनभर तसं कधी म्हटलं नाही.

*

आमच्या कोल्हापुरात "गप की!" लाडानेही म्हणतात, रागानेही. आवाजावरून ओळखायचं. "गपगुमान जेव" आलं की मात्र खैर नसायची.

*

वीज गेली की आम्ही चुलत भावंडं ओसरीवर 'अळीमिळी गुपचिळी' करून बसायचो. पहिलं कोण बोलतंय ते बघायचं. त्या अंधारात रातकिडे किती मोठ्याने ऐकू यायचे!

*

लग्न होऊन फोंड्याला आले. कोंकणी कळत नव्हती. सासूबाई रडणाऱ्या पुतण्याला म्हणाल्या, "ओगी राव, बाबा." माझी आजी म्हणायची "उगी राहा", तेच हे! त्या नव्या घरात माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

*

पक्षाघातानंतर आईची वाचा गेली. रात्री दोन-दोनला उठून रडायची. काय हवंय ते सांगता येत नसे. मी "शांत हो, रडू नकोस" म्हणायचो, ती आणखी चिडायची. एका रात्री खांद्यावर थोपटत "उगी, उगी" म्हणालो. तिने चालत्या हाताने माझं मनगट शोधलं आणि त्याच ठेक्यात मलाच थोपटू लागली. शब्द काही परत आले नाहीत. तो ठेका शेवटपर्यंत राहिला.