अनुभव धागा : भूजल उपसा आणि वाळवंटी नदीचा प्रवाह (सान पेद्रो, ॲरिझोना)

धागाकर्ता
सान पेद्रो नदी मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात कानानेआजवळ उगम पावते, उत्तरेकडे वाहत ॲरिझोनात शिरते आणि विंकलमनजवळ हिला (Gila) नावाच्या नदीला मिळते. तिच्यावर एकही मोठं धरण नाही. म्हणून पाण्याचा उपसा नदीला काय करतो, हे इथे इतर ठिकाणांपेक्षा स्वच्छ दिसतं. कानानेआची तांब्याची खाण, सिएरा व्हिस्टा शहर, फोर्ट वाचूका हा लष्करी तळ, शेती आणि घरोघरच्या बोअर हे सगळे एकाच खोऱ्यातून पाणी घेतात. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नदीकाठचा पट्टा संरक्षित केला आणि त्या कायद्यातच नदीसाठी पाण्याचा हक्क राखून ठेवला. तरीही जुलै २००५ मध्ये चार्ल्सटनच्या मापनकेंद्रावर प्रवाह शून्य नोंदला गेला. या केंद्राच्या नोंदीत असं तोवर कधी झालं नव्हतं.

मोजमाप, गणित, झाडं, कायदा, पुनर्भरण यांपैकी ज्यात तुम्ही काम केलं आहे त्याबद्दल लिहा. आकडे द्या, पद्धत द्या, आणि कुठे फसतं तेही सांगा.

पाणमोज
आधी मोजमाप. वाळवंटी नदीत पूर येतो तो ओरडून येतो, पण उपशाचा परिणाम दिसतो बेसफ्लोमध्ये, म्हणजे पाऊस नसताना जमिनीतून झिरपून येणाऱ्या पाण्यात. सान पेद्रोवर तो दोन वेळा बघावा : हिवाळ्यात, झाडं झोपलेली असताना, आणि जूनमध्ये, मान्सूनच्या (होय, तिथेही जुलै-सप्टेंबरचा मान्सून असतो) अगदी आधी. हिवाळ्यातला आकडा जलधराची (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराची) स्थिती सांगतो, तर जूनमधल्या आकड्यात झाडांचा वाटाही मिसळलेला असतो. दोन्ही एकाच आलेखात मिसळू नका.

पात्रात उतरून मोजताना रुंदीचे २० ते २५ भाग पाडा. एका भागातून एकूण प्रवाहाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी जात असेल तर तिथे आणखी उभ्या रेषा घ्या. खोली ७५ सेंमीपेक्षा कमी असेल तर वेग पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर मोजा. जास्त असेल तर ०.२ आणि ०.८ वर मोजून सरासरी काढा. पाणी घोट्याखाली गेलं की करंटमीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) निरुपयोगी होतो. तेव्हा सुवाह्य पार्शल फ्ल्यूम (प्रवाह मोजायची ठरावीक आकाराची पन्हळ) बसवा आणि बाजूंनी पाणी निसटू नये म्हणून प्लॅस्टिक व वाळूच्या गोण्या लावा.

दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे पूर गेल्यावर वाळूचं पात्र बदलतं, पण पातळीवरून प्रवाह काढायचा जुना तक्ताच वापरला जातो. प्रत्येक पुरानंतर तक्त्यात दुरुस्ती हवी. दुसरी चूक वेळेची. उन्हाळ्यात झाडं दिवसा पाणी ओढतात, त्यामुळे एकाच दिवशी सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो. या वर्षी सकाळी आठला, पुढच्या वर्षी दुपारी चारला मोजलं, तर ती तुलना कशाचीच नाही.

चार्ल्सटनला पाणी टिकतं त्याचं कारण तिथे खालचा कठीण खडक वर येतो आणि वाळूतलं पाणी पृष्ठभागावर ढकलतो. म्हणून तिथला शून्य आकडा गंभीर. एका केंद्राच्या आकड्यावर सगळी नदी मात्र ठरवू नये. १९९९ पासून दर जूनमध्ये स्वयंसेवक नदी चालत जाऊन ओला भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे जीपीएसवर नोंदवतात. माझ्या मते त्या नकाशांइतकं बोलकं दुसरं काही नाही.

गणितवाला
लोकांना सर्वांत अवघड जाते ती वेळेची गोष्ट. भूजलतज्ज्ञ थाईस यांनी १९४० मध्ये मांडलेला मुद्दा असा : विहिरीतून येणारं पाणी सुरुवातीला जलधराच्या साठ्यातून येतं, नंतर हळूहळू ते नदीकडे जाणाऱ्या किंवा झाडांना मिळणाऱ्या पाण्यातून कापलं जातं. कधी, हे ठरवणारा ढोबळ आकडा असा काढतात :

नदीपासूनच्या अंतराचा वर्ग × साठवण गुणांक ÷ वहन गुणांक

साठवण गुणांक म्हणजे पातळी उतरली की जलधर सोडतो तो पाण्याचा वाटा, वहन गुणांक म्हणजे जलधरातून पाणी किती सहज वाहतं त्याचं माप. अंतर मीटरमध्ये धरलं की उत्तर दिवसांत येतं. तितके दिवस सलग उपसा झाला की उपशाच्या दराच्या सुमारे ४८ टक्के पाणी नदीतून जाऊ लागलेलं असतं. साठवण गुणांक ०.१ आणि वहन गुणांक ५०० चौरस मीटर प्रतिदिन धरा. विहीर १ किमीवर असेल तर २०० दिवस, ३ किमीवर १,८०० दिवस, १० किमीवर २०,००० दिवस म्हणजे जवळपास ५५ वर्षं.

३ किमीवरच्या विहिरीचं पुढे बघू. एका वर्षानंतर उपशाच्या १२ टक्के, पाच वर्षांनी ४८, वीस वर्षांनी ७३ टक्के पाणी नदीचं. पहिल्या वर्षी मापन करून «नदीवर परिणाम नाही» असा अहवाल द्यायला हेच कारण पुरतं, आणि अहवालातले आकडे खोटे नसतात!

आता १० किमीवरची विहीर दहा वर्षं चालवून बंद करा. बंद केली त्या दिवशी नदीची घट उपशाच्या १० टक्के. बंद केल्यानंतर पाच वर्षांनी ती १६ टक्के, दहा वर्षांनी १४ टक्के. म्हणजे पंप थांबल्यावरही घट वाढत जाते. नदी आटायला लागल्यावर दूरच्या विहिरी बंद करू, हे नियोजन म्हणूनच चालत नाही.

सूत्राच्या मर्यादा : नदी सरळ, जलधर एकसारखा आणि अमर्याद, नदी जलधराच्या तळापर्यंत पोचलेली असं ते मानतं. सान पेद्रोच्या खोऱ्याला वाचूका पर्वताची कड आहे. पाणी न देणारी अशी कड विहिरीच्या मागे असेल तर नदीवरचा भार वाढतो. मध्ये चिकणमातीचे जाड थर आहेत, ते परिणाम लांबवतात. म्हणून सूत्र फक्त कोणत्या विहिरी आधी तपासायच्या ते ठरवायला वापरावं. निर्णयासाठी मॉडेल लागतं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने या खोऱ्याचं मॉडेल २००७ मध्ये केलं, आणि कुठल्या जागेवरचा उपसा नदीला किती लागतो याचे नकाशे २००८ मध्ये.

विहीरपातळी
वरच्या गणिताला खरे आकडे लागतात, आणि ते निरीक्षण विहिरीतून येतात. शेजारचा पंप चालू असताना घेतलेली पातळी फेकून द्या. पंप बंद करून अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही मापं जुळली तरच नोंदवा. खडू लावलेली पोलादी टेप अजूनही सर्वांत विश्वासार्ह. विहिरीच्या तोंडावर मोजण्याचा बिंदू रंगाने पक्का करा; केसिंग (विहिरीची बाहेरची नळी) कापलं गेलं की सगळी मालिका बिघडते.

नदी जमिनीतून पाणी घेते आहे की जमिनीला देते आहे, हे कळायला पात्रातच दीड-दोन मीटर खोल छिद्रित टोकाची नळी ठोका आणि नळीतली पातळी बाहेरच्या नदीच्या पातळीशी तुलना करा. नळीतली पातळी वर असेल तर नदीला पाणी मिळतंय. खाली असेल तर नदी गमावतेय. ठोकल्यावर नळी उपसून धुवायलाच हवी. गाळाने बंद झालेली नळी आठवडाभर जुनीच पातळी दाखवत राहते. खोल बोअर वेगवेगळ्या थरांत छिद्रित असेल तर तिची पातळी कोणत्याच थराची खरी नसते, हेही ध्यानात असू द्या.

काठावरची झाडं
झाडांकडे «पाणी पिणारे चोर» म्हणून बघणाऱ्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. कॉटनवुड आणि विलो यांची मुळं भूजलावर जगतात. पातळी साधारण ३ मीटरच्या आत असेल तर कॉटनवुडचं वन टिकतं. त्याखाली गेली की शेंडे वाळू लागतात. रोपांची गोष्ट आणखी नाजूक. पूर ओसरताना ओल्या वाळूत बी रुजतं आणि पातळी दिवसाला सुमारे अडीच सेंमीपेक्षा वेगाने उतरली तर मूळ मागे पडतं. मोठी झाडं हिरवी दिसतात म्हणून उपसा निर्धोक समजू नका. नवी पिढी उगवते आहे का ते बघा. पातळी खोल गेली की जागा टॅमरिस्क नावाचं झुडूप घेतं.

झाडं किती पाणी घेतात हे काठावरच्या उथळ नळीतल्या चढउतारावरून निघतं. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळेतला चढ ताशी ०.३ सेंमी असेल तर दिवसाचा ७.२ सेंमी, त्या दिवसात निव्वळ घट ०.५ सेंमी असेल तर बेरीज ७.७ सेंमी. याला मातीच्या साठवण गुणांकाने, इथे ०.१ ने, गुणलं की झाडांनी दिवसात घेतलेलं पाणी ७.७ मिमी. ०.१ हा आकडा मात्र त्या जागेच्या मातीचा हवा. पुस्तकातला उचलला तर उत्तर सहज दुप्पट येतं.

कायद्याची बाजू
थोडक्यात. ॲरिझोनात नदीचं पाणी आणि भूजल यांना वेगवेगळे कायदे लागू होतात. नदीत आधी हक्क घेणारा आधी. भूजलात जमिनीचा मालक. नदीलगतच्या कोणत्या विहिरी नदीचंच पाणी ओढतात, हा वाद १९३१ च्या निकालापासून चालू आहे. १९८० च्या भूजल कायद्याची कडक नियंत्रणं ठरावीक क्षेत्रांत आहेत, सिएरा व्हिस्टा त्यांत नाही. मिनिटाला ३५ गॅलन (सुमारे १३२ लिटर) क्षमतेपर्यंतच्या घरगुती विहिरी बहुतेक नियमांतून सुटतात.

आणखी एक गैरसमज : «भरण होतं तेवढंच उपसलं की नदी सुरक्षित.» समजा, भरण (जमिनीत मुरून जलधराला मिळणारं पाणी) १०० आहे आणि त्यातले आज ६० नदीला आणि ४० झाडांना जातात. १०० उपसले तर जलधर कागदावर समतोल आणि शेवटी नदी कोरडी. नदीसाठी किती ठेवायचं ते आधी ठरवून उरलेलं उपसायला हवं.

मराठवाड्यातून प्रश्न
३ किमी, १० किमीचे आकडे आमच्या काळ्या खडकाला लागू होतात का? ओढ्याकाठी विहिरी शे-दोनशे मीटरवर आहेत.

गणितवाला
@मराठवाडा, बेसाल्टात साठवण गुणांक १ ते ३ टक्केच असतो. ०.०२, वहन गुणांक ५० आणि अंतर ३०० मीटर धरलं तर ३६ दिवस येतात. म्हणजे तुमच्याकडे परिणाम महिन्याभरात ओढ्यावर दिसायला हवा. पण बेसाल्टात पाणी भेगा आणि मुरमाच्या थरातून वाहतं. दोन विहिरींतला आकडा दहापटीने बदलू शकतो. पंप-चाचणी घ्या, निदान एक दिवस सलग, आणि ओढ्यात खालच्या बाजूला छोटी व्ही-खाच (व्ही आकाराची खाच असलेली फळी) बसवून त्याच वेळी प्रवाह मोजा.

पुनर्भरण
सिएरा व्हिस्टात २००२ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी तलावांतून मुरवतात. इथे जागा महत्त्वाची. उपसा केंद्र आणि नदी यांच्यामध्ये मुरवलं तर जमिनीखाली पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि खड्ड्यासारखी खचलेली पातळी नदीकडे पसरण्यापासून अडते. उपशाच्या पलीकडे मुरवलं तर ते पाणी पुन्हा पंपातच येतं.

तलाव सतत भरलेला ठेवू नका. काही दिवस भरा, मग पूर्ण सुकवा, वरचा दोन-तीन सेंमी गाळ खरवडून काढा. गाळ नांगराने खाली मिसळला तर झिरपण्याचा वेग कायमचा बसतो. तलाव खणण्याआधी खालच्या चिकणमातीसाठी बोअर घ्या. थर असेल तर पाणी त्यावर आडवं पसरतं, जलधरापर्यंत जात नाही. आणि वर दिलेलं सूत्र इथेही लागू आहे, फक्त चिन्ह उलट. ३ किमीवर मुरवलेलं पाणी पहिल्या वर्षी नदीत शोधलं तर त्यातलं १२ टक्केच सापडेल, म्हणून तलाव आणि नदी यांच्या मध्ये दोन तरी निरीक्षण नळ्या पहिल्या दिवसापासून बसवा.